डावा डोळा, उजवा खांदा

२४ सप्टेंबर, बुधवार

देव्हाऱ्याच्या वर, भिंतीला काळा ठिपका चिकटवलाय. मला विचारलंसुद्धा नाही. नवरात्र बसलंय, खाली घट आहे, आणि वर हा ठिपका. सकाळी दिवा लावायला गेले तर वाटलं झुरळ. पेपराची गुंडाळी करून मारली. कागद निघाला.

ओरडले. नात उठून आली डोळे चोळत. तन्वी. बारावीला आहे, पण अभ्यासापेक्षा नेमबाजीची बंदूक जास्त. म्हणते, "आजी, स्वयंपाकघराच्या दारातून सरळ रेष तिथेच मिळते गं. बाकी सगळीकडे कपाट आडवं येतं."

दोन खोल्यांच्या घरात हिला सरळ रेष पाहिजे. माझं लग्न होऊन मी घाटकोपरला आले तेव्हापासून मला नाही मिळाली.

तर आता रोज संध्याकाळी ही दारात उभी राहणार, अंगात ते गादीसारखं शिवलेलं जाकीट, आणि नेम धरणार. आत छर्रा नसतो म्हणे. नुसता नेम, श्वास, आणि चाप दाबल्याचा टक् आवाज. मी खाली बसून वाती वळते. "सरक ना आजी जरा." ह्या वयात मला सरकवते मेली.

दूध नासलं. पनीर केलं, कोणी खाल्लं नाही.

२६ सप्टें., शुक्र.

पोरीचं काहीतरी बिनसलंय. महिनाभर बघते. मुलुंडच्या रेंजवरून (नेमबाजी शिकवतात तिथून) येते ती तोंड पाडून. विचारलं तर "काही नाही". दिवाळीनंतर राज्याची स्पर्धा आहे. विलासचा (माझा मुलगा, हिचा बाप) आधी बंदुकीला विरोध होता. मग कोणीतरी सांगितलं की राज्याला खेळली तर बारावीला खेळाचे मार्क मिळतात. त्या दिवसापासून विरोध गेला आणि मागे लागणं सुरू झालं. पोरीला विरोध बरा वाटत असणार.

आज म्हटलं, दाखव तरी, तू त्यातून एवढं बघतेस काय.

बंदूक टेबलावर ठेवली, खाली उशी. मला स्टुलावर बसवलं. मागच्या बाजूला, डोळ्याजवळ, एक काळी तबकडी आहे, तिला मधोमध भोक. सुईने पाडावं तेवढं. पुढे नळीच्या टोकाला एक आखूड डबी आहे, तिच्या आत बारीक कडी. बस. काच नाही, भिंग नाही. मी म्हटलं, एवढ्यासाठी एवढा बोभाटा?

"उजवा डोळा लाव."

"त्यात मोतीबिंदू आहे."

"लाव तर."

लावला.

कसं लिहू. माझ्या उजव्या डोळ्याला वर्षभर सगळं धुरातलं दिसतं. डॉक्टर म्हणाले ऑपरेशन करा, मी म्हटलं बघू. त्या भोकातून पाहिलं आणि धूर पातळ झाला. ती कडी दिसली, गोल, कडेला स्वच्छ. कडीच्या आत देव्हाऱ्यावरचा तो ठिपका. भोकात डबी, डबीत कडी, कडीत ठिपका. गोलात गोल, त्यात गोल.

तन्वी म्हणाली, "आता हे सगळं मधोमध आण."

मी काहीच केलं नाही. डोकं जरा इकडेतिकडे झालं असेल. आणि ते आपोआप मधोमध आलं. डोळ्याला मधोमध कुठे ते कळतं. मोजपट्टी नाही, खूण नाही. गोल वाकडा बसला तर लगेच टोचतं. डोळ्याला हे शिकवलं कोणी? मी तर चौथीपर्यंत.

दुपारी सगळे गेल्यावर जुन्या लग्नपत्रिकेला टाचणीने भोक पाडलं आणि कॅलेंडर वाचलं. बारीक अक्षरातली चतुर्थीसुद्धा लागली. सूनबाई लवकर आली नेमकी. "आई, हे काय करताय?" म्हटलं, चतुर्थी बघते. "कार्डातून?" हो, कार्डातून. तुझं काही अडलंय का?

२८ सप्टें., रवि.

आज पहिल्यांदा रेंजवर गेले. सूनबाईला, स्मिताला, सुट्टी नाही (अंधेरीला लॅबमध्ये आहे), विलासची डेपोत ड्युटी. मुलुंडला एका शाळेच्या वरच्या मजल्यावर लांबट हॉल. लिफ्ट नाही. गुडघ्यांनी शिव्या दिल्या.

नसरीन मॅडम भेटल्या. तन्वीच्या शिकवणाऱ्या, जूनमध्ये आल्यात. त्याआधी कोणी सर होते, ते उन्हाळी शिबिरात सगळ्या पोरांना एका ओळीत उभं करून बंदूक उजव्या खांद्याला लावून द्यायचे आणि मोबाइल बघत बसायचे. मॅडम तशा नाहीत. उंच बाई, आवाज खणखणीत. "आजी, आप बैठो इधर. चहा घेणार ना?" चहा चांगला होता. आलं जास्त.

शेजारच्या पट्ट्यात पिस्तूलवाले. त्यांना भोक नाही. मागे खाच, पुढे एक चपटं पातं. खाचेत पातं बसवायचं, दोन्ही बाजूंना सारखा उजेड सुटला पाहिजे, वरच्या कडा एका रेषेत. आणि नेम काळ्यावर नाही, काळ्याच्या खाली पांढऱ्यावर. मी विचारलं, काळ्यावर का नाही? मॅडम म्हणाल्या, "काळ्यावर काळं पातं ठेवलं तर दिसणार कसं आजी? खाली ठेवायचं. गोळी वर जाईल अशी खाच आधीच लावून ठेवलेली असते."

म्हणजे बघायचं एकीकडे, लागणार दुसरीकडे, आणि ते ठरवून. 

मग त्यांनी जे सांगितलं ते लिहून ठेवते. डोळा एका वेळी एकाच अंतरावरचं स्वच्छ बघतो. मागची खाच, पुढचं पातं, लांबचा कागद, तिन्ही एकदम स्वच्छ दिसत नाहीत. कोणालाच नाही. तरण्या डोळ्यालाही नाही. म्हणून नजर पुढच्या पात्यावर ठेवायची. लांबचा कागद पुसट राहू द्यायचा.

"ज्याला मारायचं त्याच्याकडे बघायचंच नाही?"

"नाही. त्याच्याकडे बघायला गेलं की पातं हलतं आणि तुम्हाला कळत पण नाही. नवीन पोरं सगळी तिकडेच बघतात. लागलं का, लागलं का."

आमच्या गावी माझ्या बापाकडे ठासणीची बंदूक होती, रानडुकरांसाठी. टोकाला पितळेचा मणी, मागे काहीच नाही. गाल दस्त्यावर एकाच जागी टेकवायचा, इकडेतिकडे नाही. मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग गाल हीच त्यांची मागची साइट." (नेम धरायच्या खाचेला, भोकाला साइट म्हणतात.) बरोबर. डुकरं क्वचितच लागायची, बापाला वाटायचं डुकरं हुशार.

तन्वीची पाळी. डाव्या डोळ्यापुढे पांढरी पट्टी लावते, चष्म्याला अडकवून. डोळा मिटायचा नाही, मिटला की दुसऱ्यावर ताण येतो. नुसतं त्याच्यापुढचं झाकायचं. उभी राहिली की दगड. पण मॅडम म्हणाल्या, दगड नाही, कोणीच दगड नसतं. कडी सारखी तरंगत असते, श्वासाने, नाडीने. त्या तरंगण्याच्या मधल्या क्षणी चाप. दहा गुणांचा मधला ठिपका इतका बारीक की मला आधी कागदावरची घाण वाटली.

तिचे छर्रे पसरले. एक इथे, एक तिथे. रिक्षात तन्वी बाहेर बघत बसली. मीटर भरभर पळत होतं, त्याला तेवढं बोलले.

१ ऑक्टो., बुध. खंडेनवमी

हत्यारांची पूजा. माझी विळी, कात्री, स्मिताचा लॅपटॉप (त्याला हळदकुंकू लांबूनच), विलासचे पाने-स्क्रूड्रायव्हर. डेपोत इंजिनं खोलतो तो. पाटावर सगळं मांडलं. मग विलास खाली वाकला, पलंगाखालून बंदुकीची पेटी काढली. हाच माणूस पहिल्या दिवशी म्हणाला होता, "हे असलं घरात नको."

बंदूक पाटावर निजवली. झेंडूचा हार. अगरबत्ती ओवाळली. मग अंगठ्यावर कुंकू घेऊन नळीला, दस्त्याला, आणि त्या मागच्या तबकडीवर चांगलं भरभरून. "हा डोळा आहे तिचा," म्हणाला. "डोळ्याला आधी." मी म्हटलं, जरा कमी लाव. "आई, वर्षातून एकदा."

तन्वी क्लासवरून आली आणि किंचाळली. "बाबा! साइटवर?!"

"पूजा आहे ती."

"त्याच्यात भोक आहे ना बाबा! भोकात!"

"मग? देवाचं कुंकू आहे, काय सिमेंट आहे?"

कापसाने पुसत बसली. विलास जेवला नाही. म्हणजे जेवला, पण उशिरा.

२ ऑक्टो., दसरा

सकाळी आपट्याची पानं, शेजारपाजार, पाया पडणं. माझ्या पायांवर एवढी डोकी पडतात पण गुडघे जसेच्या तसे.

दुपारी बंडू आला. माझ्या भावाचा मुलगा, अंधेरीला शूटिंगला सामान पुरवतो. तलवारी, खोट्या बंदुका, राजाचं सिंहासन. तन्वीला दाखवायला दोन वस्तू आणल्या होत्या, पिशवीत गुंडाळून. बंदुका खोट्या पण वर बसवायची ही साधनं खरी, म्हणाला.

पहिली दुर्बीण. लांब नळी, आत बघितलं की उभी-आडवी बारीक तार, एकमेकींवर. गॅलरीत बसून समोरच्या बिल्डिंगवर लावली. बाप रे. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईचा टॉवेल माझ्या नाकासमोर. त्यावरचा डाग दिसला, कसला ते पण कळलं. पण थांबेना. टॉवेल सारखा उडतोय. वारा नव्हता. तन्वी म्हणाली, "आजी, तू हलतेयस. ह्यात सगळं मोठं होतं ना, तुझं हलणंही मोठं होतं." मग श्वास धरला. तरी तारेचा जोड टप् टप् उडत होता, बरोब्बर तालात. मानेवर बोट ठेवून बघितलं. तोच ताल. माझ्या काळजाचे ठोके समोरच्या बिल्डिंगच्या टॉवेलवर!

बंडू म्हणाला, "आत्या, आमच्या हिरोला ह्यातून काही दिसतच नाही. झाकण न काढता बघतो. आम्ही तसाच शॉट ओके करतो."

दुसरी वस्तू ह्याहून विचित्र. काचेची छोटी खिडकी, तिरकी बसवलेली. त्यातून बघितलं की भिंतीवर लाल ठिपका. मी स्मिताला म्हटलं, भिंतीवर लाल कुठे पडलंय बघ. ती भिंतीजवळ जाऊन हात फिरवते, "कुठे आई? काहीच नाही." माझ्या समोर तिच्या बोटावर ठिपका, आणि ती म्हणते काही नाही. अंगावर काटा आला.

बंडूने सांगितलं. आत किडामुंगीएवढा दिवा आहे, तो पुढे जातच नाही. तो तिरक्या काचेवर पडतो आणि काच त्याला बघणाऱ्याच्या डोळ्यात परत पाठवते. ठिपका भिंतीवर नाहीच. बघणाऱ्याशिवाय कोणाला दिसत नाही. आणि डोकं हलवलं की ठिपका काचेत सरकतो, पण भिंतीवरच्या त्याच खिळ्यावर राहतो. दहा वेळा डोकं हलवलं. खिळा सोडला नाही त्याने.

तन्वी म्हणाली, आमच्या खेळात हे दोन्ही चालत नाही. आम्हाला नुसतं भोक आणि कडी.

मला ते जास्त आवडलं. पण हे मी बोलले नाही, बंडूला वाईट वाटलं असतं. श्रीखंड खाऊन गेला.

५ ऑक्टो., रवि.

आज काय झालं ते नीट क्रमाने लिहिते.

रेंजवर गेलो. तन्वीने पहिले छर्रे मारले, मग थांबली. "मॅडम, धुरकट दिसतंय." मॅडमनी बंदूक घेतली, मागून बघितलं. "अरे, ये क्या है? लाल-लाल?" तन्वी खाली बघते. मी सांगितलं, बापाने पूजा केली. मॅडम हसल्या, पण थट्टेने नाही. "आमच्याकडे एक पोरगा आहे, त्याच्या आईने लिंबू-मिरची बांधली होती नळीला. कुंकू चालेल."

मग त्यांनी ती तबकडी आटे फिरवून सोडवली. फुंकर मारली, बारीक ब्रश फिरवला. मला वाटलं आता संपलं. तन्वीच्या हातात नुसती तबकडी दिली. "बघ, साफ झालं का."

तन्वीने ती उचलून डोळ्याला लावली आणि खिडकीकडे बघितलं. "हो मॅडम."

मॅडमनी हात पुढे केला. तबकडी परत घेतली. पुन्हा एकदा पुसल्यासारखं केलं. "आता बघ."

पुन्हा बघितलं तिने.

"पुन्हा दे. आता?"

तिसऱ्यांदा मलाही दिसलं. पोरगी तबकडी डाव्या डोळ्याला लावत होती. प्रत्येक वेळी. उजव्या हातात धरून, नाकावरून पलीकडे नेऊन, डाव्या डोळ्याला.

"किती दिवस उजव्या खांद्यावरून मारतेस तू?"

"पहिल्यापासून. सरांनी तशीच दिली."

मॅडम खुर्चीवर बसल्या. मला सांगितलं, जसा हात उजवा-डावा असतो तसा डोळाही असतो. दोन्ही बघतात, पण मेंदू एकाचं ऐकतो. हिचा हात उजवा, डोळा डावा. पट्टीने झाकलं तरी तो डोळा मधून मधून ओढतो. म्हणून महिनाभर अडलीय. "मी जूनमध्येच तपासायला पाहिजे होतं. स्कोअर चांगला होता म्हणून..."

मी तन्वीकडे बघितलं. आम्हाला वाटलं रडेल. ती म्हणाली, "म्हणजे माझं काही चुकत नव्हतं?"

मला ह्या गोष्टीचं फार आश्चर्य वाटतं. सतरा वर्षं ह्या पोरीच्या डोक्यात दोन डोळ्यांपैकी एक मुकादम होऊन बसलाय. तिला माहीत नाही, आईबापाला माहीत नाही. बापाने कुंकू भरलं म्हणून कळलं. विलासला सांगितलं तर छाती फुगेल, नाही सांगत.

६ ऑक्टो., सोम.

सांगितलं. फुगली.

रात्री जेवल्यावर घरभर तपासणी. दोन्ही हात पुढे करायचे, पंजे एकमेकांवर ठेवून मध्ये छोटं भोक सोडायचं, त्यातून दोन्ही डोळ्यांनी घड्याळ बघायचं. मग एक डोळा मिटायचा. घड्याळ गायब झालं तर जो मिटला तो डोळा तुमचा मुकादम. विलासचा उजवा. स्मिताचा उजवा. शेजारची दोन माणसं पण येऊन हात पुढे करून उभी, भूत बघितल्यासारखी. माझा डावा आला. विलास म्हणाला, "बघा, आजीवर गेलीय." तन्वी म्हणाली, "आजीच्या उजव्यात मोतीबिंदू आहे बाबा, तिचं धरता येत नाही." बाद केलं मला. ऑपरेशन करून पुन्हा बघते म्हटलं. तोंडातून निघालं खरं. स्मिताने लगेच धरलं, "कधी जायचं बोला." बघू.

८ ऑक्टो., बुध.

मॅडमनी क्लबमधली जुनी डावखुरी बंदूक काढली, कोणी वापरत नाही ती. तन्वीने आज डाव्या खांद्याला लावून बघितली. मी गेले नव्हते. येऊन सांगत होती.

"छर्रे कुठेही गेले आजी. एक तर कागदाच्या बाहेर. हात कापतो, खांदा दुखतो, काहीच येत नाही. पहिल्या दिवसासारखं."

मग?

"पण बघताना..." असं म्हणत हात तसाच डाव्या खांद्याला धरला. मग म्हणाली, "गोल आपोआप बसतो. मला काही करायला लागत नाही."

ते वाक्य म्हणताना तिचा चेहरा. मी वाती वळता वळता थांबले.

मॅडमचं म्हणणं असं. दोन्ही रस्ते आहेत. उजव्यानेच, पट्टी लावून, जन्मभर खेळलेली माणसं आहेत, मेडलंही आहेत त्यांची. तसं केलं तर राज्याची स्पर्धा होईल, मार्कही मिळतील, पुढे कुठे अडेल सांगता येत नाही. कदाचित नाही अडणार. डाव्याला वळली तर ह्या वर्षी स्पर्धा विसरायची, सगळं पहिल्यापासून. पुढे वर जाईल का? तेही सांगता येत नाही. नाव पाठवायचं आहे तेव्हा सोमवारी सकाळी कळवा.

मी म्हटलं, मॅडमना काय वाटतं? "मी पण तेच विचारलं. त्या म्हणाल्या, मी सांगितलं तर तू माझ्या डोळ्याने मारशील."

बाई हुशार आहे.

९ ऑक्टो., गुरु.

भांडण. विलास: "वर्ष फुकट घालवायचं? मार्क समोर दिसतायत." मग दुसरं काढलं. "आणि डाव्याने? आपल्यात डाव्या हातात प्रसाद घेत नाहीत."

स्मिता: "बंदूक काय प्रसाद आहे?"

"पूजा केलीय मी तिची!"

"मग बाकी सगळं पण तुम्हीच करा."

मला हसू आलं, पदर लावला तोंडाला. पण स्मिताचंही सरळ नाही. तिला वाटतं डाव्याला वळू दे, म्हणजे स्पर्धा टळेल, म्हणजे पोरगी बोर्डाचा अभ्यास करेल. दोघंही बंदुकीबद्दल बोलत नव्हती. पोरगी मधे बसून भात चिवडत होती.

माझं? माझं पण लिहिते, ही वही माझी आहे. मला पेपरात फोटो पाहिजे होता. राज्याला गेली की छापतात. आमच्याच वरच्या मजल्यावरच्या एका बाईला दाखवायचा होता, जी म्हणाली होती पोरींना बंदूक कशाला. ह्या वर्षीच पाहिजे होता.

तो डोळ्यांचा मुकादम जर कोणाला विचारून बसला नाही, तर तो कोणाचं ऐकेल? नाही माहीत. गुडघ्यांच्या गोळ्या संपल्या, आणायच्या.

११ ऑक्टो., शनि.

संध्याकाळी घरात आम्ही दोघीच. तन्वी दारात उभी, समोर भिंतीवरचा ठिपका. आधी बंदूक उजव्या खांद्याला. किती वेळ धरली. टक्. खाली ठेवली. मग तीच बंदूक डाव्या खांद्याला, उलटी, अवघडून, गाल नीट टेकत नव्हता. धरली. चाप दाबलाच नाही. नुसती बघत राहिली. मी न सांगता सरकले.

पुन्हा उजव्याला.

मी बघत होते. उजव्याला सगळं शरीर शहाणं, पाय कुठे, कंबर कशी, कोपर बरगडीवर. सगळं घोटलेलं. फक्त चेहरा धरून ठेवलेला. डाव्याला शरीर गाढव, पाय कुठे ठेवावे कळत नाही, आणि चेहरा सैल. पाण्यात बघावं तसा.

एका माणसात असं असू शकतं हे मला ह्या वयात कळलं.

"आजी, तू सांग ना."

"मी का सांगू?"

"तू रेंजवर होतीस. तू बघितलंस."

"बघितलं म्हणजे? बघायला मला उजव्यात मोतीबिंदू, मला बाद केलंय तुम्ही."

"थट्टा नको गं. उजव्याने गेले आणि अडले तर मला वाटेल, तेव्हाच वळायला हवं होतं. डाव्याने गेले आणि काही झालंच नाही तर बाबा जन्मभर..."

माझ्या जिभेवर उत्तर होतं. एक नाही, दोन्ही होती. जीभ चावली.

१२ ऑक्टो., रवि.

ह्या रविवारी रेंजला सुट्टी. दुपारी मॅडमचा मेसेज विलासच्या मोबाइलवर, कारण नंबर त्याचा दिलाय: उद्या सकाळी फोन करते, नाव पाठवायचं की नाही ते सांगा.

विलास अंगठा चालवायला लागला. वाचून दाखवलं, "उजव्यानेच खेळेल, नाव पाठवा." स्मिता म्हणाली, "पाठवून बघा." तो म्हणाला, "मग तू लिही." ती लिहायला बसली. तन्वी गॅलरीत पाठमोरी उभी होती. ऐकत होती. मागे वळली नाही.

मी मोबाइल मागितला. विलास देईना. म्हटलं, दे. मी कधी मागत नाही, म्हणून दिला असेल. लिहिलेलं पुसायला मला येत नाही, स्मिताकडून पुसवलं. मग मोबाइल तन्वीच्या हातात दिला आणि तिघांना उभं करून सांगितलं. इथे पण लिहून ठेवते, म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको की आई असं बोललीच नाही.

मॅडमचा फोन तन्वी घेईल. उजवा की डावा, ते तीच सांगेल. विलास, तू त्या वेळी डेपोत जायचं, ड्युटी नसली तरी. स्मिता, तू आंघोळीला. मी खाली भाजीला जाईन, आणि ती बोलून झाल्याशिवाय वर येणार नाही. ती काय म्हणाली ते कोणी तिला लगेच विचारायचं नाही. आणि तन्वी, तूसुद्धा ऐक. मॅडमनी का म्हणून विचारलं तर आजी म्हणाली म्हणून, बाबा म्हणाले म्हणून, हे चालणार नाही. तुझ्या तोंडाने, तुझं कारण सांगायचं. दुसऱ्या कोणी उत्तर द्यायचं नाही.